गावात शूट लावताय? आधी गावाचं कॅलेंडर बघा, मग आपलं शेड्यूल

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच प्रॉडक्शन, म्हणजे शूटची सगळी व्यवस्था आणि खर्च, पडलंय. डिरेक्टर मित्र आहे, स्क्रिप्ट तयार आहे, कुणाचे तरी वडील नाहीतर मामा पैसे घालायला तयार झालेत आणि सगळ्यांनी मिळून ठरवलंय की तू हिशोबाला पक्का आहेस, तू प्रॉडक्शन बघ. मी पंधरा वर्षं हेच काम करतोय, सुरुवात घोडबंदर रोडला एका डेली सोपच्या सेटवर प्रॉडक्शन बॉय म्हणून, मग सिनेमे, वेब सिरीज, आणि आता निम्म्याहून जास्त काम आउटडोअरचं, त्यातही वाई-सातारा पट्ट्यातलं. म्हणून उदाहरणही तिकडचंच घेतो. समजा ४५ मिनिटांची वेब फिल्म आहे, वाईजवळच्या एका गावात ६ दिवसांचं शूट, जानेवारी महिना, युनिट ३८ जणांचं, आणि गोष्टीत एक आजी, नऊ वर्षांचा नातू, एक जुना वाडा, उसाचं शेत आणि नदीचा घाट.

माझं म्हणणं एकच आहे. गाव आपल्या शेड्यूलप्रमाणे चालत नाही, आपलं शेड्यूल गावाच्या दिवसावर बसवावं लागतं. स्टुडिओत लाइट आपली, वेळ आपली, दार बंद केलं की आवाजही आपला. गावात ऊन, पाणी, बैल, शाळा, बाजार सगळं दुसऱ्याचं असतं आणि आपण पाहुणे असतो. हे ज्याला आधी कळतं त्याचं शूट वेळेत संपतं आणि पैशातही बसतं.

आधी स्क्रिप्ट फोडा

स्क्रिप्ट आली की एकदा गोष्ट म्हणून वाचा, मग पेन्सिल घेऊन बसा. सीनची लांबी मोजायला प्रत्येक पानाचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक सीनपुढे लिहायचं, जागा कुठली, दिवस की रात्र, आत की बाहेर, किती पानं, कोण कोण आहे, प्रॉपर्टी काय, कपडे कुठले, जनावर आहे का, गाडी आहे का, लहान मूल आहे का, गर्दी किती. याला ब्रेकडाउन म्हणतात आणि चीफ एडी, म्हणजे मुख्य असिस्टंट डिरेक्टर, ते करतो, पण प्रॉडक्शनवाल्याने आपलं वेगळं केलंच पाहिजे, कारण एडीला त्यात सीन दिसतो आणि आपल्याला त्यात खर्च दिसला पाहिजे.

एक ओळ घेऊ. "आजी चुलीवर भाकरी थापतेय, दारात बैलगाडी येऊन थांबते." वाचायला पाच सेकंद. आता फोडा. चूल पेटती हवी म्हणजे सरपण हवं, धुरामुळे कॅमेऱ्याची जागा ठरणार आणि आजींचं काम करणाऱ्या बाईंना खोकल्याचा त्रास आहे का ते आधी विचारायला लागणार. पीठ, परात, काटवट, तवा जुनाच हवा. सहा टेक गृहीत धरा, तर सहा वेळा भाकरी त्याच अवस्थेत तव्यावर हवी, म्हणजे कॅमेऱ्यामागे दुसरी चूल आणि तिथे गावातली एखादी मावशी जी एकामागोमाग एक तशाच भाकऱ्या करून देईल. आर्टिस्टला खरंच थापता येते का? येत नसेल तर हाताचा क्लोजअप त्या मावशींचा घ्यायचा, मग त्यांच्या हातात तशाच बांगड्या तितक्याच हव्या, लुगड्याचा काठ तोच हवा. आणि बैलगाडी आली म्हणजे बैल आले. जनावर फ्रेममध्ये काम करणार असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी काढायची असते, ऑफिस हरियाणात बल्लभगडला आहे, कागदात बैलाच्या मालकाची संमती आणि डॉक्टरचा फिटनेस दाखला लागतो. फिल्म पुढे थिएटरला न्यायचा विचार झाला तर सेन्सॉरला पहिला प्रश्न हाच येतो आणि त्या वेळी मागे जाऊन काही करता येत नाही. एका ओळीत इतकं दडलेलं असतं, म्हणून बजेट ब्रेकडाउनच्या आधी करू नका. आधी केलेलं बजेट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

गावाचं कॅलेंडर

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग.

काही वर्षांपूर्वी एका सिनेमात आम्ही उभ्या उसात अर्धा सीन शूट केला, हिरो पळत येतो, वाइड शॉट, ट्रॉली, सगळं झकास झालं. हिरोच्या पुढच्या तारखा दुसरीकडे होत्या म्हणून उरलेले क्लोज अकरा दिवसांनी घ्यायचे ठरले. अकरा दिवसांनी गाड्या बांधावर उभ्या राहिल्या आणि समोर काळं रान. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवून दिलेलं. शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती. कारखान्याची तोड आली, टोळी दारात उभी राहिली, त्याने नाही म्हटलं असतं तर पुढची पाळी कधी येईल सांगता येत नाही आणि उभा ऊस वाळला की वजन घटतं, वर्षभराचं पीक आहे त्याचं. आम्ही दोन दिवस फिरून शेजारच्या गावात तसा प्लॉट शोधला, उंची जुळली, पण आधीच्या उसाला तुरे आलेले होते आणि याला नव्हते. शेवटी डीओपीने, म्हणजे मुख्य कॅमेरामनने, फ्रेम खाली ठेवून निभावलं, पण दोन दिवसांचा राहण्याजेवण्याचा आणि गाड्यांचा खर्च अंगावर आला तो आलाच.

तेव्हापासून मी पिकाचा सीन असेल तर शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, तोड कधी आहे. त्याला नक्की माहीत नसेल तर गावच्या चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तिथल्या माणसाला, गाठतो, नाहीतर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जातो, तिथे लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा प्रोग्रॅम असतो. आणि पिकातलं शूट कधीही दोन शेड्यूलमध्ये तोडत नाही, जे आहे ते सलग संपवायचं. हाच नियम ज्वारीला, भाताला, हरभऱ्यालाही. ऊस गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या स्पीकर लावून रात्रंदिवस रस्त्याने जातात हेही लक्षात ठेवा, सिंक साउंडचा, म्हणजे शूट करतानाच आवाज रेकॉर्ड करायचा, सीन मुख्य रस्त्याच्या कडेला लावला तर साउंड रेकॉर्डिस्ट बिचारा दर चार मिनिटांनी हात वर करणार.

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि शेजारी कागद घेऊन बसा. वाईच्या परिसरात जानेवारीत शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत वाई-भोर रस्त्याला आपल्या गाड्या नेण्याचा विचारही करू नका आणि राहायला खोल्याही मिळणार नाहीत. माघापासून पुढे वाईच्या घाटांवर कृष्णामाईचा उत्सव असतो, एकेका घाटाचा वेगळा, तिथे मांडव पडतात, म्हणजे तुम्हाला हवा असलेला मोकळा घाट त्या दिवसांत मोकळा नसतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड. याशिवाय प्रत्येक गावाची आपली यात्रा, हरिनाम सप्ताह, आठवड्याचा बाजार, लग्नतिथी. लग्नाची तिथी असली की कुठल्या ना कुठल्या गल्लीत डीजे असणारच आणि कुणाच्या लग्नात जाऊन आवाज बंद करा म्हणणं बरोबर नाही, आपणच त्या दिवशी आतला सीन लावायचा किंवा डायलॉग नसलेला.

नदीचंही तसंच. मेणवलीच्या किंवा वाईच्या घाटावर शूट असेल तर वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बदलते, काल दिसत होत्या त्या पायऱ्या आज पाण्याखाली जाऊ शकतात. पाटबंधारेच्या ऑफिसात आवर्तनाच्या तारखा विचारून घ्या.

दिवसाच्या आतही गावाचा एक दिवस असतो. डिरेक्टरला संध्याकाळी साडेपाचच्या सोनेरी उन्हात पन्नास गावकऱ्यांची गर्दी हवी असते, पण ती धारा काढायची आणि डेअरीला दूध घालायची वेळ, कोणी येणार नाही, आलं तरी मन घरी म्हशीपाशी. ती गर्दी सकाळी अकराला लावा, मिळते. शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते, ती आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, तर त्या आठवड्यात पाळी दिवसाची आहे की रात्रीची हे वायरमनला विचारलं की कळतं. शाळा सुटायची वेळ, देवळातल्या काकड्याची आणि हरिपाठाची वेळ, नळाला पाणी यायची वेळ. सरपंचांना विचारून हे सगळं कळत नाही, त्यासाठी रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, जाऊन एक पूर्ण दिवस, सकाळी सहा ते रात्री नऊ, गावात नुसतं बसावं लागतं. डिरेक्टर-डीओपीची रेकी वेगळी, ते फ्रेम बघायला येतात. प्रॉडक्शनची रेकी म्हणजे पारावर बसणं.

त्याच रेकीत आणखी दोन कामं करा. गल्लीची रुंदी टेपने मोजा, कारण व्हॅनिटी (मेकअपरूम आणि बाथरूम असलेली गाडी) आणि जनरेटरची गाडी कुठपर्यंत येते यावर सगळं ठरतं. आणि जनरेटर उभा कुठे करणार ती जागा बघा, सिंक साउंड असेल तर तो भिंतीआड आणि लांब हवा, मग तेवढी केबल मागवा. शूटच्या सकाळी केबल वीस मीटर कमी पडली तर वाईत मिळत नाही, पुण्याहून यायला अर्धा दिवस जातो.

जागा आणि कागद

वाड्याचा एक अनुभव सांगतो. मालकांशी बोलणं झालं, ॲडव्हान्स दिला, आर्टवाल्यांनी दोन दिवस खपून माजघर लावलं. शूटच्या दिवशी सकाळी साडेसहाला धाकटे भाऊ मुंबईहून आले आणि म्हणाले, वाड्यात माझाही हिस्सा आहे, मला कुणी विचारलं नाही. आणि त्यांचं बरोबर होतं. आम्ही थोरल्यांच्या शब्दावर थांबलो होतो. साडेतीन तास युनिट अंगणात बसून राहिलं, शेवटी गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मध्ये पडून मिटवलं आणि वेगळी रक्कम द्यावी लागली.

तर जागा घराची असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा बघा, शेत असेल तर सातबारा, त्यावर जेवढी नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, मुंबई-पुण्याला असतील तर आधी फोन करा, व्यवस्थित माहिती द्या, सही मागवून घ्या. करार स्टँप पेपरवर, महाराष्ट्रात आता १०० चा चालत नाही, ५०० चा लागतो. त्यात लिहा, किती दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या खोल्या, देवघरात जायचं की नाही, भिंतीला रंग लावला तर परत करून द्यायचा, डिपॉझिट किती, शूट एक दिवस वाढलं तर भाडं किती, आणि हे चित्रीकरण कुठल्याही माध्यमात कायमचं वापरता येईल. शेवटचं वाक्य विसरलात तर ओटीटीवाल्यांची लीगल टीम दोन वर्षांनी तेच मागते.

परवानग्या पटापट सांगतो. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस स्टेशनला लेखी कळवून पोच घेतलेली, हे कुठेही लागतंच. सरकारी जागा असेल तर गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथून अर्ज करा, लवकर करा. किल्ल्यावर शूट असेल तर आधी तो कोणाकडे आहे ते बघा, रायगड, शिवनेरी, पन्हाळा, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड आणि प्रतापगड राज्याच्या, दोन्हीकडचे अर्ज वेगळे. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर ती जागा हिरव्यात आहे, पिवळ्यात की लाल, हे बघितल्याशिवाय ड्रोनवाल्याला तारीख देऊ नका. सिनेमाचं टायटल असेल तर ते मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा इम्पा या निर्मात्यांच्या संघटनेकडे रजिस्टर करून घ्या, पोस्टर छापायच्या आधी.

लहान मुलांबाबत जरा थांबतो कारण इथे फार ढिलाई चालते आणि मला ती बघवत नाही. आपल्या गोष्टीतला नातू नऊ वर्षांचा. बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. जिथे शूट आहे त्या जिल्ह्याच्या कलेक्टरची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने फिक्स डिपॉझिटमध्ये. हे पाच तास शेड्यूलमध्ये खरेच पाच धरा. त्याचे सीन सकाळी नाश्त्यानंतर लावा, मूल ताजं असतं, दुपारी जेवून त्याला झोपू द्या. रात्रीचा सीन असेल तर डीओपीशी बोला, खिडक्यांना काळं कापड लावून दिवसा रात्र करता येते. आणि आई किंवा वडील मॉनिटरजवळ बसलेले हवेत, व्हॅनिटीत पाठवलेले नकोत.

शेड्यूल आणि कॉलशीट

जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे साधारण अकरा तास उजेड. कृष्णेच्या काठी सकाळी धुकं असतं, कधी साडेआठपर्यंत, ते हवं असेल तर सोनं आणि नको असेल तर दीड तास गेला. जेवणाचा एक तास गेला. उरले साडेआठ. छोट्या युनिटला एक सेटअप, म्हणजे एका शॉटची कॅमेरा-लाइटची मांडणी, लावायला, रिहर्सल आणि टेक धरून, अर्धा तास लागतो. म्हणजे दिवसाला सोळा-सतरा सेटअप. हा हिशोब डिरेक्टरसमोर मांडा आणि त्याच्या शॉट लिस्टमध्ये त्या दिवशी २९ शॉट असतील तर तेव्हाच, पुण्यातल्या खोलीत, चहा पीत, कुठले बारा काढायचे ते ठरवा. ते लोकेशनवर संध्याकाळी पाच वाजता ठरवलं की भांडणं होतात आणि चांगले शॉट जातात.

पहिल्या दिवशी सोपं ठेवा, युनिट एकमेकांना ओळखत नसतं. आजीचा रडण्याचा सीन पहिल्या दिवशी नको आणि शेवटच्याही नको, तिसरा-चौथा दिवस बरा. नाइट शूट सगळ्यात शेवटी, कारण रात्री दोनला पॅकअप करून सकाळी सातचा कॉल देता येत नाही, पॅकअप आणि पुढच्या कॉलमध्ये निदान अकरा-बारा तास हवेतच. आणि वाड्याच्या आतला एखादा सीन हातात राखून ठेवा, आभाळ आलं किंवा अवकाळी पडला तर युनिट आत वळवता येतं.

कॉलशीट, म्हणजे उद्याच्या शूटचं वेळापत्रक, संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर गेलीच पाहिजे, आणि त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा, नाहीतर पन्नास गुड नाइटांमध्ये ती हरवते. त्यात कॉल टाइम, पहिला शॉट किती वाजता, कोणाला कुठून किती वाजता पिकअप, मेकअप कोणाचा कधी, सीनचा क्रम, सूर्योदय-सूर्यास्त, लोकेशनचा मॅप, आणि जवळचं चोवीस तास उघडं हॉस्पिटल फोन नंबरसकट. हॉस्पिटलला रेकीच्या वेळी स्वतः जाऊन या, साप चावल्यावरचं इंजेक्शन असतं का विचारा. उसात शूट आहे आपलं.

जेवण, झोप, बाथरूम

१९१२ साली दादरला मथुरा भवनात दादासाहेब फाळक्यांचं काम चालू होतं तेव्हा अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, आणि शिवाय उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, रात्री फिल्म धुवायच्या, पैसे कमी पडले तेव्हा दागिने काढून दिले. आपल्या धंद्यातली पहिली प्रॉडक्शन मॅनेजर तीच बाई, असं मी मानतो, आणि नवीन पोरांना पहिल्या दिवशी हे सांगतो, कारण त्यांना जेवणाचं काम कमी दर्जाचं वाटतं.

३८ माणसांना पाण्याचे २० लिटरचे दहा जार रोज लागतात, उन्हाळ्यात पंधरा. नाश्ता कॉल टाइमच्या आधी अर्धा तास तयार हवा, पहिल्यांदा लाइट दादा आणि सेटिंग दादा खातील कारण ते सगळ्यांच्या आधी कामाला लागतात. जेवण ठरल्या वेळी, सहा तासांच्या वर कुणाला उपाशी ठेवायचं नाही, शॉट राहिला असेल तरी. सगळ्यांना एकच जेवण. आर्टिस्टला पनीर आणि लाइट दादांना पातळ आमटी असं ज्या सेटवर असतं तिथे चौथ्या दिवशी काम हळू होतं, कोणी बोलून दाखवत नाही पण होतं. कोणाचा गुरुवार आहे, कोणाची संकष्टी आहे ती यादी स्पॉट दादाकडे आधीच द्या, साबुदाण्याची खिचडी वेगळ्या डब्यात येऊ द्या. शक्य असेल तर जेवण गावातल्या बचत गटाच्या बायकांना द्या, भाकरी, पिठलं, आमटी, ठेचा, युनिट खूश राहतं आणि गावालाही आपण परके वाटत नाही. फक्त त्यांनी ३८ जणांचं रोज दोन वेळा आधी कधी केलंय का ते विचारा, नसेल तर एक मदतनीस द्या.

बायकांच्या बाथरूमचा प्रश्न रेकीतच सोडवा. व्हॅनिटी गल्लीत आली नाही तर लोकेशनपासून चालत पाच मिनिटांवर दोन बाथरूमचं घर भाड्याने घ्या, एक फक्त बायकांसाठी, आतून कडी लागते का स्वतः बघा, पाणी, साबण, पॅड, झाकणाची बादली ठेवा. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत कारण जायला जागा नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ती चूक शंभर टक्के प्रॉडक्शनची असते. युनिट दहा किंवा जास्त जणांचं असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती कायद्याने लागते, त्यातल्या बाईंचं नाव आणि नंबर कॉलशीटवर छापा.

ड्रायव्हर. दिवसभर गाडीपाशी बसलेला माणूस आराम करतोय असं वाटतं, तो आराम नसतो. पॅकअपनंतर रात्री अकराला त्याला पुण्याला पाठवू नका, मध्ये खंबाटकी घाट आहे, ट्रकांची रांग आहे. शेवटच्या दिवशीही युनिटला रात्री मुक्काम द्या आणि सकाळी नाश्ता करून सोडा. एका रात्रीचं भाडं वाढतं, ते बजेटमध्ये आधीच धरा.

पैसे

बजेटवर १० टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते डिरेक्टरला सांगू नका, त्याला सांगितले की ते क्रेनवर जातात. रोज रात्री, कितीही दमला असाल तरी, आज खर्च ठरला होता किती आणि झाला किती हे एका पानावर लिहून प्रोड्यूसरला पाठवा. तिसऱ्या दिवशी कळलं की आपण पंधरा हजारांनी वर चाललोय तर सावरता येतं, सहाव्या दिवशी कळून उपयोग नाही. व्हाउचर त्याच दिवशी, सहीसकट. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर इन्कम टॅक्सवाले तो खर्च धरत नाहीत, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच. प्रोफेशनल फीवर १० टक्के टीडीएस, कॉन्ट्रॅक्टवाल्याला एकटा माणूस असेल तर १ आणि कंपनी असेल तर २ टक्के, मर्यादेच्या आतली रक्कम असेल तर कापायचा नसतो, त्या मर्यादा बदलत राहतात म्हणून सीएला शूटच्या आधी भेटा. आणि आर्टिस्टला "पन्नास हजार" म्हणताना ते टीडीएस कापून की धरून, हे त्याच फोनवर बोलून घ्या, अर्धे वाद यावरूनच होतात.

रोजावर काम करणाऱ्यांचे पैसे त्याच रात्री द्या. सिरीयलमध्ये नव्वद दिवसांनी चेक मिळायची पद्धत आहे, मीही त्यावर वर्षानुवर्षं घर चालवलंय, घरभाडं नव्वद दिवस थांबत नाही. आपल्या छोट्या शूटला ती पद्धत आणू नका.

डेटा, आणि सिरीयल-वेबचं थोडं

फोर-के मध्ये प्रोरेस एचक्यू या फॉरमॅटवर शूट केलं तर तासाला साधारण ३३० जीबी होतात. दिवसाला अडीच-तीन तास रोल झालं तर एक टीबी. सहा दिवसांचे सहा, आणि कॉपी तीन हव्यात, म्हणजे अठरा टीबीच्या ड्राइव्ह आधीच विकत घ्या. भरलेल्या कार्डाला लाल टेप, रिकाम्याला हिरवी, आणि कार्ड फॉरमॅट करायचा अधिकार एकाच माणसाला, तोही कॉपी तपासून झाल्यावर. परत येताना ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या गाड्यांत.

डेली सोप करायला गेलात तर वरचं बरंच तसंच लागू होतं, पण तिथे जीव बँकेत असतो, म्हणजे टेलिकास्टच्या पुढे किती एपिसोड तयार आहेत त्यात. बँक पाच-सहाची असेल तर आर्टिस्टला ताप आला तरी गोष्टीचा ट्रॅक फिरवता येतो, बँक एकावर आली की सकाळी शूट करून रात्री टेलिकास्ट, आणि मग सगळेच मरतात. ओटीटीला द्यायचं असेल तर त्यांची डिलिव्हरी लिस्ट शूटच्या आधी मागवा, डायलॉग वगळून म्युझिक-इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक, टायटल नसलेली प्रिंट, सबटायटल, सगळ्या आर्टिस्टचे आणि म्युझिकचे करार. थिएटरला न्यायचं झालं तर सेन्सॉरच्या सर्टिफिकेटमध्ये आता यूए चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन प्रकार आहेत, ते स्क्रिप्टच्या वेळीच डोक्यात असू द्या. आणि सीनमध्ये कुणाच्या मोबाइलवर, रेडिओवर गाणं वाजत असेल तर ते बंद करून शूट करा, पार्श्वभूमीला दहा सेकंद ऐकू आलेल्या गाण्याचेही हक्क विकत घ्यावे लागतात.

पॅकअप झालं म्हणजे प्रॉडक्शनचं संपलं नाही. युनिट गेल्यावर दोन माणसं एक दिवस मागे ठेवा. भिंतीचा रंग परत, ठोकलेले खिळे काढून भोकं बुजवलेली, अंगणातला कचरा, प्लास्टिकचे ग्लास बांधावरून वेचून आणलेले, बैलवाल्याचे आणि भाकरीवाल्या मावशींचे पैसे, किराणावाल्याची उधारी, वायरमनचे आभार. मग वाड्याच्या मालकांबरोबर, दोन्ही भावांबरोबर, सगळ्या खोल्यांतून एकदा फिरा, नुकसान असेल ते तिथेच ठरवा, डिपॉझिटचा हिशोब करा, कागदावर सह्या घ्या आणि किल्ल्या त्यांच्या हातात देऊन मग निघा.